खालून दिसणारी रेघ

माझा भाऊ पास्कू आडवा झाला आणि आमच्या घरात सगळ्यांनाच वर बघायची सवय लागली. त्याच्या मणक्याला क्षय झाला होता. डॉक्टरांनी काखेपासून कमरेपर्यंत प्लास्टर घालून त्याला फळीच्या खाटेवर पाठीवर निजवलं होतं. कुशीवर वळवायचं तर मी खांदे धरायचे, माय कंबर धरायची आणि एखादा ओंडका फिरवावा तसं त्याला एकदम फिरवायचं. त्याच्या डोळ्यांपुढे कायम कौलं, वासे, एक काचेचं कौल आणि त्यातून पडणारा उन्हाचा चौकोन. त्यामुळे वरच्या बातम्या आम्हांला त्याच्याकडून कळत. कुठलं कौल सरकलंय, पालीने अंडी कुठे घातलीत, भट्टीचा धूर आज कुठल्या फटीतून येतोय. बोलता बोलता तो वर बोट करायचा आणि आम्ही हातातलं काम टाकून माना वर करायचो.

आमचं घर म्हणजे अर्धं घर आणि अर्धी बेकरी. मागच्या बाजूला भट्टी, पुढे रस्त्याला लागून पावाचं दुकान. पहाटे पपा मैद्याचा गोळा टेबलावर आपटायचे त्या आवाजाने मी जागी व्हायची. धप्, धप्, मग थोडा वेळ काहीच नाही, मग लांब दांड्याचं लाकडी फावडं भट्टीच्या तोंडाशी घासल्याचा आवाज. उजाडेपर्यंत पाव झालेले असत, मग बांगडीसारखी गोल, कडक काकणं. माय गोव्यातल्या बार्देसकडची. कालवणात तिरफळं जरा जास्तच टाकायची आणि पपा रोज त्यावर काहीतरी बोलायचे. पास्कूला मात्र पेज, वर सुक्या बांगड्याचा भाजलेला तुकडा. मी त्याला चमच्याने भरवायची. बारावी झाली होती, पण कॉलेजचं नाव कोणी काढलं नाही. मीही काढलं नाही. आजारी माणसाचं करायला दोन बायका लागत होत्या आणि दुकानात बसायलाही माणूस लागत होतं.

पास्कू माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. मामाला आम्ही तीव म्हणायचो. जुझेतीव, म्हणजे आमच्या मायचा भाऊ, मालवाहू बोटीवर खानसामा होता आणि पास्कू त्याच्या मागोमाग बोटीवर जायचा होता. कागदपत्रं तयार होती, काळे बूट आणले होते. मग पाठ दुखायला लागली. आडवा झाल्यावर सुरुवातीला तो सगळ्यांशी हसून बोलायचा. हळूहळू बोलणं कमी झालं. जेवणही. अर्धा वाडगा पेज संपली तरी माय पपांना जाऊन सांगायची, इतपत.

अशात रेडी गावच्या एका खलाशाबरोबर जुझेतीवने एक खोका धाडला. आत प्लास्टिकचं विमान होतं. म्हणजे विमान नव्हतं, विमानाचे सुटे भाग होते, डहाळीला लागलेल्या कैऱ्यांसारखे प्लास्टिकच्या काड्यांना लागलेले. जुन्या लढाईतलं इंग्रजांचं लढाऊ विमान, खऱ्याच्या मानाने इतकंसं. सोबत चिकटवायची ट्यूब आणि रंगांच्या बारक्या डब्या.

“मी बोटीर जावचो होतंय,” पास्कू म्हणाला, “आणि तीवान माका विमान धाडल्यान.” कितीतरी दिवसांनी तो हसला. पपा म्हणाले, “पोरांचो खेळ,” आणि भट्टीकडे गेले.

ते विमान आम्ही दोघांनी जोडलं. त्याचे हात चांगले होते, पण आडव्या माणसाला छातीवर हात धरून बारीक काम करता येत नाही. हात भरून येतात आणि गोंद तोंडावर ठिबकतो. म्हणून तो माहितीचा कागद डोळ्यांवर धरून सांगायचा आणि मी स्टुलावर बसून चिकटवायची. दुकानात गिऱ्हाईक आलं की मी पाव देऊन परत यायची तेवढ्यात तो पुढचा तुकडा काडीवरून कापून ठेवायचा. खोक्याचं झाकण त्याने छातीवर उभं ठेवलेलं असायचं. त्यावर विमानाचं चित्र होतं. वरून हिरवे-तपकिरी पट्टे, पोट फिकं आभाळी.

रंग द्यायची वेळ आली तेव्हा मी याकूबभाईंकडे गेले. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं गॅरेज होतं. सायकली, स्कूटर रंगवायचे. त्यांच्याकडे हवेची मशीन होती आणि तिला लावायची एक बारीक पेनगन, जिने ते नंबरप्लेटी आणि टाकीवरची नक्षी रंगवत. पेनाएवढीच, वर रंगाची वाटी, बोटाने दाबलं की धुरासारखा रंग निघायचा. याकूबभाई पपांचे जुने दोस्त. ईदला त्यांच्याकडून आमच्याकडे शीरखुर्मा यायचा आणि नाताळात आमच्याकडून त्यांच्याकडे दोदोलाच्या गोड वड्या. त्यांनी विमान हातात फिरवून बघितलं आणि म्हणाले, “ठेव. मीच करून देतंय.”

त्यांनी आधी पोट आभाळी केलं. ते वाळल्यावर पोटावर चिकटपट्टी लावली, नखाने तिची कड दाबून बसवली आणि वरून तपकिरी मारला. मग तपकिरीवर पट्ट्या लावून हिरवा. पट्ट्या सोडवल्या तर खाली रेघ अशी, जणू सुरीने कापलेली. “रंगाची धार अशी व्हयी,” ते म्हणाले, “बोट लावलंस तर कापाक व्हया.” मलाही ते फार देखणं वाटलं. घरी आणलं, पपांच्या मासे पकडायच्या गरीच्या बारीक तंगुसाने वाशाला बांधलं आणि पास्कूच्या बरोबर छातीवर, हात पोचणार नाही इतक्या उंचीवर सोडलं. वारा आला की ते जरासं फिरायचं.

पास्कू काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी विचारलं तर म्हणाला, “बरां आसा.” मग एका दुपारी मी त्याचं अंग पुसत होते तेव्हा एकदम म्हणाला, “काढ ता.”

“काय?”

“विमान. काढून टाक. माका नको.”

मला राग आला. इतक्या दिवसांची मेहनत होती, याकूबभाईंनी आपलं काम बाजूला ठेवून ते केलं होतं. मी म्हटलं, “काय वायट आसा त्येच्यात? सगळे बघून बरां म्हणतत.”

“सगळे उभ्यान बघतत. तू पण उभ्यान बघतंस. हय पडान बघितलंस कधी?”

ओला फडका हातात तसाच होता. मग मी खाली शेणाने सारवलेल्या जमिनीवर, त्याच्या खाटेला लागून, सरळ पाठीवर निजले. माय दारात आली, आम्हां दोघांना शेजारी शेजारी आडवं बघून घाबरली. “काय झाला गो तुका?” मी म्हटलं, “काय नाय. बघतंय.”

खालून विमानाचं वरचं अंग दिसतच नव्हतं. हिरवे-तपकिरी पट्टे, ज्यांचं सगळ्यांनी कौतुक केलं होतं, ते छपराच्या बाजूला. दिसत होतं फक्त पोट, आणि पोटाच्या दोन्ही अंगांना ती रेघ. ताटाच्या काठासारखी. पोट वेगळं आणि पाठ वेगळी, दोन तुकडे आणून चिकटवल्यासारखे. विमान वाटतच नव्हतं. जत्रेतलं खेळणं वाटत होतं. आणि पास्कूला दिवसभर, उजाडल्यापासून काळोख होईपर्यंत, तेवढीच एक रेघ बघायची होती.

“आता ह्यां बघ,” त्याने झाकणावरचं चित्र माझ्यासमोर धरलं. चित्रात रेघ नव्हती. आभाळी रंग वर जाता जाता कधी तपकिरी होत होता ते सांगता येत नव्हतं. “बांगड्याचा कसा असता? पोट पांढरा, पाठ निळी. पण पोट खंय संपला आणि पाठ खंय लागली, दाखव माका.”

माय त्या वेळी बांगडेच साफ करत होती. मी उठून परसात गेले आणि एक बांगडा उन्हात धरला. जन्मापासून बांगडे खात होते. असा कधी बघितला नव्हता. पोटाची चांदी वर जाता जाता हिरवी होते, मग निळी, आणि मध्ये बोट ठेवायला जागा नाही. माय म्हणाली, “आता त्येका काय विचारतंस? मेलो तो.”

याकूबभाईंना माझं म्हणणं पटलं नाही. जन्मभर त्यांनी धार काढली होती आणि मी त्यांना धार मोडायला सांगत होते. “पसरलेलो रंग म्हणजे बिघडलेला काम,” ते म्हणाले. तरी त्यांनी शुक्रवारी दुपारी, नमाजाला जाऊन येईपर्यंत, पेनगन माझ्या हातात द्यायला सुरुवात केली. पाण्यात भिजवून घासायचा बारीक पाणीपेपर दिला आणि विमानावरची रंगाची कड घासून कशी काढायची ते दाखवलं. विमानाला मात्र मी लगेच हात लावला नाही. बिस्किटांच्या डब्यांची पत्र्याची झाकणं गोळा केली आणि त्यांच्यावर प्रयोग सुरू केले.

नुसत्या हाताने मारलं तर रंग भलतीकडे उडायचा, पोटावर शिंतोडे पडायचे. म्हणजे झाकायला तर हवं. चिकटपट्टीने झाकलं की धार येते, कारण पट्टी अंगाला चिकटून बसते. कागद फाडून त्याची फाटकी कड लावून बघितली. रेघ मऊ झाली, पण उंदराने कुरतडल्यासारखी. कापूस लावला तर त्याचे तंतू रंगात अडकले. प्रत्येक झाकण मी घरी आणून पास्कूच्या डोळ्यांवर धरायची. तो एक डोळा मिटून बघायचा आणि एका शब्दात निकाल द्यायचा. “नाय.” “नाय.” “ह्यां तर अगदीच नाय.” पण पेज पूर्ण संपायला लागली होती. माय झाकणांबद्दल काही बोलत नव्हती ती त्यामुळेच असावी.

कागद अंगापासून थोडा वर उचलून धरला तर त्याच्या कडेखालून थोडासाच रंग आत शिरेल आणि विरून जाईल, हे पास्कूने पडल्या पडल्या ताडलं. पण उचलून धरायचा कशाने? मी पपांच्या टेबलापाशी काकणं वळत होते. मैद्याची बोटाएवढी वळी केली आणि तिथेच थांबले. काकण करायच्या ऐवजी ती वळी तशीच फडक्यात गुंडाळून गॅरेजमध्ये नेली.

पहिला प्रयोग पूर्ण फसला, कारण पीठ फसफसवलेलं होतं. मी झाकणावर वळी नीट वाकवून बसवली, तिच्यावर कागद टेकवला, आणि रंग कालवून पेनगन साफ करीपर्यंत उन्हाच्या धगीने ती फुगून दुप्पट झाली. रेघ कुठल्या कुठे गेली. पास्कू इतका हसला की प्लास्टरच्या आत त्याला दुखायला लागलं. दुसऱ्या वेळी पीठ चिकटू नये म्हणून मी खोबरेल लावलं, तर जिथे तेल लागलं तिथे रंग धरेना. शेवटी नुसता मैदा, मीठ आणि पाणी, घट्ट मळलेला. त्याच्या वळ्या. आणि मग बरोबर जमायला लागलं. वळी गोल असते. झाकणाला तिची फक्त खालची कड टेकते, बाकीचं अंग वर उचललेलं. रंगाचा धूर त्या वळणाखाली जरासा जातो आणि विरतो. वळी जाड केली तर रेघ जास्त मऊ, बारीक केली तर कमी. दाबून चपटी केली की पुन्हा धार. आणि पेनगन सरळ वरून धरायची. तिरकी धरून वळीच्या खाली मारलं की सगळं पसरतं. रंग पातळ, हवा कमी, एकदम न मारता पुन्हा पुन्हा हलका हात.

आज बाजारात याच कामासाठी रबरासारखा मऊ लगदा मिळतो, तो हाताला लागत नाही, वाळत नाही, परत वापरता येतो. मीही तोच वापरते. पण माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्या दिवशी मैदा मळायला लावते. वळी किती दाबली की काय होतं ते पिठात लवकर कळतं.

विमान मी परत रंगवलं. दोन्ही अंगांना पिठाच्या वळ्या, खाली कागद, वरून तपकिरी. मग तपकिरीवर वळ्यांचे वेडेवाकडे बांध घालून मधल्या जागेत हिरवा. वळ्या सोडवल्या तेव्हा याकूबभाई नमाजाहून आले होते. त्यांनी विमान दाराच्या उजेडात नेलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाले, “माका नाय आवडणा. पण तुका व्हया होता तसा झाला.” मी ते घरी नेऊन बांधलं आणि पुन्हा जमिनीवर आडवी झाले. आम्ही दोघं बराच वेळ वर बघत राहिलो. वाऱ्याने विमान फिरलं तरी त्याची कड सापडत नव्हती.

“हां,” पास्कू म्हणाला. तेवढंच.

चर्चच्या फेस्ताला जुझेतीव सुट्टीवर आला. त्याने खाटेच्या कडेवर बसून पास्कूचा हात हातात घेतला, थोडं रडला, आणि मग त्याचं लक्ष वर गेलं. गोव्यात एका गोदीत बोट बांधायच्या आधी तिचं लहान रूप करतात, असं त्याने सांगितलं. तिथल्या मुकादमाशी त्याची ओळख होती. तो हाताखाली शिकायला माणसं शोधत होता. “पण तो तोंडच्या गजालीर इश्वास ठेवचो नाय,” तीव म्हणाला. “ह्यां विमान त्येका दाखवूक व्हया.”

ते विमान पास्कूचं होतं आणि ते काढलं तर त्याच्या डोळ्यांपुढे पुन्हा वासे आणि कौलं. पास्कूच म्हणाला, “काढ गो. जुझेतीवाक दी. पावाच्या डब्यात घाल, भोवती कापूस लाव.”

मी तीवाबरोबर गेले. मुकादम वयस्क होता, चष्मा कपाळावर. त्याने विमान बघितलं नाही, आधी डोळे मिटून रंगाच्या सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. कड लागते का बघत होता. लागली नाही. मग डोळे उघडून विचारलं, “कशानं केलं?”

“पिठानं.”

“कसल्या पिठानं?”

“पावाच्या. पण न फुगलेल्या.”

त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे नीट बघितलं. पुढच्या महिन्यापासून यायला सांगितलं. आधी सहा महिने झाडायचं आणि घासायचं काम असेल, असंही सांगितलं. तसंच झालं.

घरी हे कळल्यावर पपा पहिलं वाक्य बोलले ते, “दुकानात कोण बसतलो?”

“मी,” पास्कू म्हणाला.

“तू? पडान?”

“माझी खाट दुकानात ठेवा. दाराकडे. तोंड आसा माझ्याकडे, कान आसत. लोक येतले, मी सांगतलंय, ते आपल्या हातान घेतले.”

पपा चिडले, मग परसात जाऊन बराच वेळ लाकडं फोडत बसले. माय मला म्हणाली, “तू कपडे धुवून ठेव.” तिचं ठरलं होतं. दोन दिवसांनी पपांनी शेजाऱ्यांना बोलावलं आणि चौघांनी खाट उचलून दुकानात आणली. पावाच्या फळीला लागून, डोकं रस्त्याकडे. मी स्टुलावर चढून, गोदीतून परत आणलेलं विमान तिथल्या वाशाला बांधायला लागले तर पास्कू म्हणाला, “थांब. उलटा बांध.”

“उलटा कसा?”

“पोट वर, पाठ खाली. पोट माका पाठ झाला. आता हिरवा-तपकिरी बघूक दी.”

माय म्हणाली, उलटं विमान म्हणजे पडलेलं विमान, घरात नको. पास्कू म्हणाला, “पडला तर माझ्यार पडात.” मी उलटं बांधलं. मागाहून पाव न्यायला येणारी मुलं त्याच्याखाली उभी राहून माना वाकड्या करायची, आणि पास्कू त्यांना न बघता, नुसत्या आवाजावरून नावानं हाका मारून हाकलायचा.

गोव्यात मी एका बाईंच्या घरी खोली घेऊन राहिले. पहिले महिने पत्रा घासत होते. नंतर बोटींची तळं, मग नांगर, मग कुठे रंग. घरची बातमी, तीव सुट्टीवर असला तर त्याच्याकडून, नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्याकडून कळायची. पास्कूच्या दुकानात विक्री वाढली होती. लोक पाव घ्यायला यायचे आणि गजाली करत राहायचे. पडून राहिलेल्या माणसाला घाई नसते. मध्ये एकदा प्लास्टर बदललं. मध्ये एकदा ताप आला आणि डॉक्टरांचं तोंड उतरलं, असं माय म्हणाली, पण तोही गेला.

नाताळच्या सुट्टीत मी घरी होते तेव्हा प्लास्टर काढून पाठीला पट्टा आला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आधी नुसतं बसवा, थोडा वेळ. सकाळची दुसरी भट्टी निघाली होती. पपांनी हात धुतले. एका बाजूने पपा, दुसऱ्या बाजूने मी, मागे माय. पास्कूचे पाय खाटेखाली सोडले आणि हळूहळू त्याला उठवून बसवलं. त्याचं तोंड पांढरं पडलं, डोळे मिटले, दोन्ही हातांनी त्याने पावाची फळी धरली. माय पुटपुटत प्रार्थना म्हणत होती. मग त्याने डोळे उघडले.

मला वाटलं तो वर बघेल. विमान त्याच्या कानाच्या बाजूलाच होतं आता, हात लावता आला असता. त्याने तिकडे मान वळवली नाही. तो रस्त्याकडे बघत होता. सायकली, कुत्रं, समोरच्या घराच्या पायरीवर वाळत घातलेली सुकट. सगळं सरळ, पाय खाली आणि डोकं वर.

एक बाई पाव घ्यायला आली. तिने नेहमीसारखी दारातूनच हाक मारली, “पास्कू, चार पाव घेतंय रे,” आणि फळीकडे हात नेला. मग तिला दिसलं की तो बसलाय आणि तिचा हात तसाच राहिला. पपांनी एक हात पुढे केला, पाव काढून द्यायला.

“पपा, थांबा,” पास्कू म्हणाला. त्याने एक हात फळीवरून सोडला. आम्ही तिघं त्याला धरून होतो. त्याने गरम पाव एकेक करून उचलले, चार, आणि तिच्या पदरात टाकले.